गावात मुलांच्या अपघातांबद्दल बोलायचंय: बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणीकडच्यांनी लिहा

माळावरची | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी बेळगावच्या पश्चिम भागातल्या एका गावात राहते. आमच्या महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत मला ‘मुलांची काळजी’ या विषयावर बोलायला सांगितलंय. आहार आणि लसींवर बोलायला नर्सबाई येतातच. मला अपघातांवर बोलायचंय. का, ते आधी सांगते.

चार वर्षांपूर्वी पौषातल्या थंडीत माझी लेक अडीच वर्षांची होती. न्हाणीत बंबातलं कढत पाणी बादलीत काढलं होतं आणि विसण घालायला म्हणून मी दोन पावलं टाकीकडे वळले. तेवढ्यात ती मागं सरकली आणि बादलीत बसली. शेजारच्या काकू धावत आल्या, टूथपेस्ट लावली. कुणी हळद आणली, कुणी खोबरेल. सगळ्यांचा जीव तुटत होता. दवाखान्यात पोचेपर्यंत त्या पेस्टचा थर वाळून कडक झाला होता. नर्स ओल्या कापडानं एकेक पापुद्रा सोडवत होती आणि माझी लेक माझा पदर दातात धरून होती. पदराला त्या दातांची भोकं पडली होती. ती साडी मी अजून नेसलेली नाही.

घरी आल्यावर महिनाभर जो येईल तो एकच विचारायचा, “तू कुठं होतीस गं?” मी तिथंच होते. हात लांबवला तर पोचेल एवढ्या अंतरावर होते. मला फक्त एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती: बादलीत आधी गार पाणी घालायचं, मग कढत. हा क्रम उलटा होता म्हणून ती भाजली. मी लक्ष दिलं नाही म्हणून नाही.

तेव्हापासून मी गावातले अपघात वहीत लिहून ठेवते. गेल्या दोन वर्षांत आमच्या एवढ्याशा गावात एक पोरगं वीटभट्टीच्या खड्ड्यात बुडता बुडता वाचलं, एकानं पाण्याच्या बाटलीतलं फिनेल प्यालं, एकीच्या घशात शेंगदाणा अडकला, एक माडीवरून पडून हात मोडला, दोघांना कुत्रं चावलं. दर वेळी गाव दोनच गोष्टी म्हणतं. एक तर “नशीब”, नाहीतर “आईचं लक्ष नव्हतं”. दोन्हीतून पुढचं पोर वाचत नाही.

म्हणून विचारते. तुमच्या गावात कुणी असं काही केलंय का? काय सांगितलं, कसं सांगितलं की बायकांनी ऐकलं? पंचायतीत लावलेली पत्रकं कन्नडमध्ये असतात, ती पोरांना वाचता येतात, पण घर चालवणाऱ्या सासवांना येत नाहीत. भाषण ठोकून यायचं नाहीये मला. दुसऱ्या दिवशी घरात काहीतरी बदललेलं दिसलं पाहिजे.

मलप्रभेकाठचा | रविवार, रात्री १०.१५

ताई, वाचून पोटात कालवलं. मी खानापूर तालुक्यातला. आमच्याकडे पाण्याचंच भय मोठं. पावसाळ्यात ओढे, उन्हाळ्यात नदीचे डोह. आणि आता शेतोशेती कृषी होंड, म्हणजे शेततळी, झालेत. त्यात प्लॅस्टिक अंथरलेलं असतं, त्यावर शेवाळ धरलं की मोठा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही. पाय टेकतो, पण घसरतो. चार हातांवर काठ दिसत असतो आणि तिथवर चढता येत नाही. ज्यांचा होंड आहे त्यांनी चारी बाजूंनी जाड दोर आत सोडून ठेवावा, त्याला अंतरा-अंतरावर गाठी मारून. जुनं टायर बांधलं तर आणखी बरं. मी माझ्या चुलत्यांच्या होंडाला तसं केलंय. कुंपण घालायला पैसे नव्हते, दोराला फार लागले नाहीत.

वॉर्डातली | सोमवार, दुपारी २.०५

मी मुलांच्या वॉर्डात चौदा वर्षं नर्स आहे. माळावरची ताई, तुमच्या लेकीसारखी लेकरं हिवाळ्यात आमच्याकडे येतच असतात आणि जवळजवळ प्रत्येकाला काहीतरी फासलेलं असतं. पेस्ट, शाई, तूप, अंड्याचा बलक, बटाट्याचा कीस. म्हणून बैठकीत पहिली गोष्ट हीच सांगा: भाजलं की नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस. बर्फ नको. पोर लहान असेल तर भाजलेला भाग पाण्याखाली आणि बाकीचं अंग कोरड्या कापडात गुंडाळलेलं, नाहीतर ते गारठतं. हातातले वाळे, कमरेचा करगोटा, अंगठी लगेच काढा, सूज चढली की निघत नाहीत. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. फोड फोडू नका. मग स्वच्छ सुती कापड सैलसर झाकून दवाखाना. लहान मुलांची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते, आपल्याला नुसतं चटका देणारं पाणी त्यांना खोलवर भाजतं.

दुसरं, बाटल्या. सायकलवरून फिनेल विकायला येतात ते पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून देतात. शेतातलं औषध उरलं की तेही त्याच बाटलीत. मुलाला वाचता येत नाही, त्याला बाटलीचा आकार कळतो. त्याच्या हिशेबानं ते सरबतच. फिनेल, रॉकेल, थिनर, संडास साफ करायचं ॲसिड, कीटकनाशक, काहीही पोटात गेलं तर उलटी करवू नका. मिठाचं पाणी नको, बोट घालायचं नाही. रॉकेल उलटीबरोबर वर येताना फुप्फुसात उतरतं आणि खरा घात तिथं होतो. ॲसिड वर येताना पुन्हा जाळत येतं. बाटली बरोबर घेऊन १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. बाटली आणलीत तर डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

तिसरं, घसा. आपल्याकडे शेंगांचा हंगाम आला की वॉर्डात श्वासनलिकेत दाणा गेलेली मुलं येतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा शेंगदाणा, अख्खा फुटाणा देऊ नका. कूट करून घाला, लाडू करून द्या, चव तीच आहे. आणि खेळताना, पळताना तोंडात काही नको. अडकलंच आणि पोर मोठ्यानं खोकत असेल तर खोकू द्या, त्याचं ते काढतंय. आवाजच बंद झाला, ओठ निळे पडायला लागले तर मात्र थांबायचं नाही. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच थापट्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. वर्षाच्या वरच्याला पाठीत पाच थापट्या, मग मागून मिठी मारून बेंबीच्या जरा वर मूठ ठेवून आत-वर पाच झटके. निघेपर्यंत आलटून पालटून. दिसत नसताना तोंडात बोट फिरवू नका, वस्तू आणखी आत जाते.

हे हातांनी करून दाखवलं तरच लक्षात राहतं. बाहुली न्या, नसेल तर कणकेच्या पोत्याला दुपटं गुंडाळून न्या.

जाता जाता एक: रिमोट, खेळण्यातला दिवा, वजनकाटा, यात बटणाएवढे चपटे सेल असतात. तो गिळला तर दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो. “उद्या शीतून पडेल” म्हणून थांबायचं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

जुनी वाट | सोमवार, संध्याकाळी ६.३०

मी सत्तरीचा आहे, राग मानू नका. आमच्या लहानपणी हे काही नव्हतं. आम्ही बावीत उड्या मारत वाढलो, चुलीपाशी झोपलो, झाडावरून पडलो. चार दिवसांत उठून पुन्हा झाडावर. आताची पोरं काचेची करायला लागलेत असं वाटतं. प्रत्येक गोष्टीची भीती घातली तर पोर घट्ट कसं होणार?

माळावरची | सोमवार, रात्री ९.१०

काका, राग कशाला. उलट हेच माझ्या बैठकीत कुणीतरी म्हणणार आहे, त्यामुळे बरंच झालं तुम्ही बोललात. एक विचारते. तुमच्या बरोबरीची, तुमच्याच गल्लीतली किती पोरं त्या वयात गेली, आठवून बघाल? माझ्या आजीला अकरा मुलं झाली, सात राहिली. त्या चारमधला एक बावीत गेला होता. आजी त्याचं नाव घ्यायची नाही, पण दर संक्रांतीला एक तिळाची वडी वेगळी काढून ठेवायची.

जुनी वाट | मंगळवार, सकाळी ७.२०

रात्री झोप लागली नाही. आमच्या गल्लीतली दोन. एक बावीत, एक गुऱ्हाळावर. गुऱ्हाळावरचा माझ्या वर्गातला होता. काहिलीच्या काठावर बसून सगळी पोरं काकवी मागायची. चुलवाणाच्या बाजूनं पाय निसटला. उसाचा पाक साध्या उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि तो अंगाला चिकटतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. गुळव्यानं त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याचेही हात कोपरापर्यंत गेले. पासष्ट वर्षं झाली असतील. माझ्या मनातून ते पुसून गेलं होतं असं नाही, पण “आमच्या काळी काही होत नव्हतं” हे म्हणताना तो माझ्या डोळ्यासमोर आला नाही, याचं मला वाईट वाटलं.

एक मात्र सांगतो, ते खरं आहे. आम्हाला पोहायला शिकवलं जायचं. सात-आठ वर्षांचा झाला की पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून चुलता बावीत उतरवायचा, स्वतः खाली पाण्यात उभा राहून. पंधरा दिवसांत डबा सुटायचा. आता बावीवर मोटार आहे, कुणी पाण्यात उतरत नाही. पोरांना पोहता येत नाही आणि पाणी तर आहेच. शिकवायला मी तयार आहे. पायऱ्यांची बाव पाहिजे आणि दोन तरणी माणसं बरोबर पाहिजेत.

वॉर्डातली | मंगळवार, दुपारी १.४०

काका, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. जागतिक आरोग्य संघटना बुडण्याबद्दल हेच सांगते: शाळेच्या वयाच्या मुलांना पोहायला आणि पाण्यातली सावधगिरी शिकवा, त्याहून लहानांना पाण्यापासून अडवा आणि दिवसा सांभाळायची जागा द्या, आणि गावातल्या माणसांना बुडत्याला काढायला आणि श्वास द्यायला शिकवा. बांगलादेशात खेडोपाडी लहान मुलांसाठी सकाळची पाळणाघरं चालवली, आई कामात असते त्या नेमक्या वेळात, आणि तिथल्या लहानग्यांचं बुडणं खूप कमी झालं.

बुडण्याबद्दल दोन गोष्टी बैठकीत जरूर सांगा. लहान मूल बुडताना ओरडत नाही. हात हलवत नाही. आवाज न करता जातं, आणि त्याला बाव लागत नाही. रांगणाऱ्या बाळाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. बादलीत वाकलं की उलटं पडतं आणि त्याला परत उठता येत नाही. टपात वीतभर पाणी पुरतं. रात्री झोपताना न्हाणीतल्या बादल्या पालथ्या घाला.

दुसरी: बाहेर काढल्यावर पोराला उलटं टांगून गरगरा फिरवतात, पोट दाबून पाणी काढतात. त्यात जीव वाचवायची मिनिटं जातात. श्वास चालू नसेल तर नाक चिमटीत धरून तोंडानं श्वास द्यायचा, मग छातीच्या मधोमध दाबायचं, जोरात आणि भरभर, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. तीस दाब, दोन श्वास. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही.

ऊसपट्ट्यातला | मंगळवार, रात्री ११.०५

मी अथणीकडचा. आमचा स्वतःचा ट्रॅक्टर आहे, हंगामात कारखान्याला ऊस ओढतो. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितोय.

शाळा सुटली की पोरं रस्त्यावर थांबतात. ट्रॅक्टर चढाला हळू झाला की मागं धावतात आणि ट्रॉलीतला ऊस ओढतात. आम्हीपण ओढला होता, सगळ्या ऊसपट्ट्यातल्या पोरांनी ओढलाय. पण तेव्हा बैलगाडी होती. आता दोन ट्रॉल्या असतात. मला सीटवरून दुसऱ्या ट्रॉलीचं मागचं चाक दिसत नाही. आरशातही नाही, कारण ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. टेप लावलेला असो नसो, इंजिनाच्या आवाजात पोरानं हाक मारली तरी कानावर येत नाही. आणि वळणावर मागची ट्रॉली पुढच्याच्या चाकोरीतून जात नाही, आतल्या बाजूला कापत जाते. पोराला वाटतं गाडी पुढं गेली, मी कडेला आहे. तो कडेला असतो आणि चाकही कडेलाच येतं.

मागच्या हंगामात मी आमच्या गावच्या शाळेत गेलो. हेडमास्तरांनी परवानगी दिली. मैदानात ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट लावला आणि एकेक पोराला माझ्या सीटवर बसवलं. म्हटलं, तुझा दोस्त कुठं उभा आहे सांग. दोस्त दुसऱ्या ट्रॉलीच्या चाकापाशी उभा. एकालाही दिसला नाही. सातवीचा एक पोरगा खाली उतरला आणि बराच वेळ त्या चाकाकडं बघत उभा राहिला. नंतर चुन्यानं जमिनीवर रेघ मारून ट्रॅक्टर हळू वळवला, मागचं चाक रेघेच्या किती आत येतं ते दाखवलं. मी बोललो काहीच नाही फारसं. त्या गावात या हंगामात पोरं मागं लागलेली मी बघितली नाहीत. ऊस पाहिजे तर मी थांबतो आणि दोन कांड्या देतो, असं पोरांना सांगून ठेवलंय. बाकी ड्रायव्हरांनाही सांगतो.

अजून एक. ऊसतोड टोळीतली माणसं बाळाला फडाच्या कडेला पाचटात सावली बघून झोपवतात. ट्रॅक्टर मागं घेताना ते दिसत नाही. आता मी टोळीला सांगतो, बाळ जिथं निजलंय तिथं बांबू रोवून लाल कापड लावा. कापड दिसल्याशिवाय आणि मुकादम मागं उभा राहिल्याशिवाय मी गिअर टाकत नाही. ही लेकरं आपल्या गावची नाहीत म्हणून कुठल्याच यादीत नसतात. तुमच्या वहीत त्यांनाही घ्या, ताई.

माळावरची | बुधवार, सकाळी ६.५०

दादा, हे मी बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवणार. आणि वहीत नवीन पान घातलं.

चिकोडीची टीचर | बुधवार, दुपारी ३.३०

मी अंगणवाडी चालवते. आमच्या वस्तीत निम्मी घरं मराठी, निम्मी कन्नड. भाषेचं म्हणाल तर मी दोन्हीत बोलते आणि शब्द असे निवडते की दोघांना कळतील. विहिरीला आपण बाव म्हणतो, ते बावी म्हणतात. पत्रकापेक्षा चित्र चालतं, चित्रापेक्षा वस्तू. आणि खरं सांगू का, बैठकीपेक्षा घर चालतं.

मी सुरुवातीला बैठकाच घ्यायचे. सगळ्याजणी “होय की, बरोबर की” म्हणायच्या आणि घरी जाऊन सगळं आहे तसंच. मग एकदा एका घरी गेले होते, बाळ रांगत होतं, मी खेळवायला म्हणून त्याच्याबरोबर गुडघ्यावर बसले. तिथून ते घर वेगळंच दिसलं. पलंगाखाली उंदराचं औषध. भिंतीला खालीच वायर निघालेला प्लग, त्याच्या बरोबर तोंडासमोर. ओट्यावरून लोंबणारी मिक्सरची वायर, ओढली की मिक्सर डोक्यात. शेवयांचं पातेलं खालीच जमिनीवर निवत ठेवलेलं. उभं राहिल्यावर यातलं मला काहीच दिसलं नव्हतं.

तेव्हापासून मी आईला, आणि आजी असतील तर आजींना पाटावर नाही, जमिनीवर बसवते. गुडघे दुखणाऱ्यांना म्हणते, नुसतं खाली बसा आणि हाताला काय काय लागतं ते सांगा. मी एक शब्द बोलत नाही. त्याच सांगतात. आणि जी गोष्ट त्यांना स्वतःला दिसली ती त्या संध्याकाळपर्यंत हलते. एका घरी बारा गोष्टी निघाल्या तर मी फक्त तीन करायला सांगते. औषधं वरच्या फळीवर, न्हाणीला आणि परड्याच्या दाराला बाहेरून वरच्या बाजूला कडी, पाण्याच्या टाकीला झाकण. बाकीचं पुढच्या महिन्यात.

कुणाचं चुकलं हे विचारायचं नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतलाय. विचारलं की पुढच्या वेळी दार उघडत नाहीत.

मलप्रभेकाठचा | बुधवार, संध्याकाळी ५.१५

टीचर, आमच्याकडच्यांसाठी त्यात साप घाला. जंगलाकडच्या घरात मण्यार रात्री अंथरुणात येते, दंश फार दुखत नाही, पोर पोटात दुखतंय म्हणतं आणि घरच्यांना वाटतं वातड काही खाल्लं असेल. जमिनीवर झोपवू नका, मच्छरदाणी गादीखाली खोचा. चावलाच तर आवळून बांधू नका, चिरू नका, पोराला चालवू नका. पाय फळीला बांधून हलू न देता थेट सरकारी दवाखाना, वाटेत मांत्रिक नको. कर्नाटकात २०२४ पासून प्रत्येक सर्पदंशाची नोंद सरकारला कळवणं दवाखान्यांना बंधनकारक आहे.

वॉर्डातली | बुधवार, रात्री ८.००

आणि कुत्रं चावलं तर मिरची-चुना नको. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शन. ओरखडा असला तरी. पुढचे डोस चुकवायचे नाहीत.

शिवारातला | गुरुवार, सकाळी ११.२५

बोअरचं कुणी लिहिलं नाही. एप्रिल २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, अथणी तालुक्यातल्या झुंजरवाडला सहा वर्षांची मुलगी उघड्या बोअरमध्ये पडली. दोन दिवसांहून जास्त खणलं, मुलगी वाचली नाही. एप्रिल २०२४ मध्ये विजयपूर जिल्ह्यात इंडी तालुक्यातल्या लच्याणला लहानगा पडला, त्याला सुमारे वीस तासांनी जिवंत काढलं. टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं, देवाला नारळ फोडले. त्यानंतर आपापल्या शिवारातले किती बोअर झाकले गेले?

सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०१० ला यावर आदेश दिलाय. बोअर मारायच्या पंधरा दिवस आधी कळवायचं. काम चालू असताना भोवती काटेरी तारेचं कुंपण आणि पाटी. केसिंगभोवती अर्धा मीटर लांबी-रुंदीचा काँक्रीटचा कट्टा, ३० सेंटीमीटर जमिनीच्या वर आणि ३० खाली. तोंडाला लोखंडी झाकण वेल्डिंग करून किंवा बोल्टनं. पाणी लागलं नाही तर तळापासून वरपर्यंत माती-दगडांनी बुजवायचा. पंचायतीत पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, हा आदेश माहीत असतो. कुणीतरी जाऊन विचारावं लागतं एवढंच.

विचारायची जागाही आहे. मक्कळ ग्रामसभा, म्हणजे मुलांची ग्रामसभा, वर्षातून एकदा पंचायतीत भरते. आमच्या शाळेतल्या पोरांनी गेल्या खेपेला शिवारात फिरून उघडे बोअर आणि कठडा नसलेल्या बावी मोजल्या आणि नकाशा काढून सभेत ठेवला. नऊ निघाले. मोठ्यांनी अर्ज दिला असता तर तो फायलीत गेला असता. आपलाच नातू उभा राहून “आमच्या बांधावरचा बोअर उघडा आहे” म्हणाला तेव्हा आजोबांनी दुसऱ्या दिवशी वेल्डर बोलावला. नवातले सहा आता नीट झाले आहेत. तीन बाकी.

माळावरची | रविवार, रात्री १०.३०

आज बैठक झाली. सविस्तर लिहिते, कारण यातलं बहुतेक तुमचंच होतं.

देवळाच्या मंडपात चाळीसेक जणी होत्या, मांडीवर लेकरं. मी भाषण केलं नाही. एका ताटात चार बाटल्या ठेवल्या, सगळ्या एकाच कंपनीच्या पाण्याच्या. एकीत पाणी, एकीत लिंबू सरबत, एकीत फिनेल, एकीत पिकावरच्या औषधाच्या रंगाचं नुसतं रंगवलेलं पाणी. टोपणं चिकटपट्टीनं गच्च बंद. तीन वर्षांच्या एका पोराला म्हटलं, तुला काय प्यायचंय? तो सरळ त्या पांढऱ्या फिनेलकडं गेला आणि म्हणाला, “दूध.” मंडपात एवढी शांतता झाली की बाहेरची गिरणी ऐकू आली. त्याच्या आईनं उठून त्याला छातीशी धरलं.

मग शेंगदाणा अडकला तर काय करायचं ते पिठाच्या पोत्यावर दाखवलं. आठ-दहा जणींनी करून बघितलं, एका आजींनी सगळ्यांत नीट केलं. ट्रॅक्टरवाल्या दादांचं लिहिलेलं वाचलं. भाजल्यावर पाणी, हे सांगताना माझा आवाज फुटला आणि मला थांबावं लागलं. तेव्हा मागून त्याच काकू उठल्या, ज्यांनी त्या दिवशी पेस्ट लावली होती. म्हणाल्या, “पेस्ट मी लावली होती बाई. मला माहीत नव्हतं. चार वर्षं ह्या पोरीच्या पायाकडं बघायचा धीर होत नाही मला.” मी काय बोलू? मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. पुढचं अर्धं त्यांनीच सांगितलं, वीस मिनिटं, नळाखाली, घड्याळ लावून. माझ्यापेक्षा त्यांचं लोकांनी जास्त ऐकलं.

एकीनं विचारलं, शेतात गेल्यावर पोरांना ठेवायचं कुठं? हा प्रश्न खरा आहे, आणि कडी लावून तो सुटत नाही. रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी कर्नाटक सरकारनं ‘कूसिन मने’ पाळणाघरं काढली आहेत, आमच्या पंचायतीत ते चालू करता येईल का ते विचारायला चौघीजणी बुधवारी पीडीओंकडे जाणार आहोत.

उद्यापासून घरं बघायला सुरुवात. मी आणि काकू, आधी आमच्या दोघींचीच. टीचर, एक सांगा, न्हाणीच्या दाराला कडी किती उंचीवर लावता? आमची न्हाणीची दारं बुटकी आहेत.

चिकोडीची टीचर | रविवार, रात्री १०.५५

दाराच्या अगदी वरच्या काठाला, बाहेरून. दार बुटकं असेल तर आडवी सरकणारी लावा, उभी नको, उभी ओघळून आपोआप निघते. आमच्या वस्तीत सुतारानं एकदम वीस आणून लावल्या, त्यामुळे स्वस्त पडल्या. आणि आत मोठं माणूस असताना कुणी बाहेरून लावू नये म्हणून कडी घालण्याआधी दारावर हात आपटायची सवय घरच्यांना लावा.

जुनी वाट | सोमवार, सकाळी ६.१५

माळावरची ताई, तुमच्या गावापासून माझं गाव लांब नाही. आमच्या देवस्थानच्या बावीला पायऱ्या आहेत आणि पाणी छातीएवढं आहे. परीक्षा संपल्यावर सकाळी सातला येतो. माझे दोन्ही पुतणे पाण्यात उतरतील. डबे मी बघून ठेवलेत, पाच लिटरचे क्यान, बुचं घट्ट आहेत. दोर नवीन लागेल. पोरं किती येतील ते कळवा, म्हणजे क्यान तेवढे जमवतो.